आधी वाचता येऊ दे, मग प्रश्न?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: "माझ्या नववीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना इंग्रजीचं एक वाक्य अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. प्रशिक्षणात मात्र 'क्रिटिकल लिटरसी' शिकवा, मुलांना मजकुरावर प्रश्न विचारायला लावा, असं सांगतात. आधी वाचता तर येऊ दे! दहावीच्या निकालाचं काय? आणि आपल्या भागात मुलं भलतेच प्रश्न विचारायला लागली तर निस्तरायचं कुणी?"

ताई, तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत. निपाणीत आणि नंतर बेळगावात मराठी शाळांतच माझी इंग्रजी शिकवण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वाचन, मग प्रश्न, हा क्रमच मला मान्य नाही. कारण सांगतो. आपल्या मुलांच्या घरी इंग्रजी कुठल्या वाटेनं येतं ते बघा. वडिलांच्या मोबाईलवर मेसेज येतो: 'डिअर कस्टमर, युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे. अपडेट केवायसी.' खाली एक लिंक. वडील फोन आठवीतल्या पोरीच्या हातात देतात, कारण घरात इंग्रजी येतं ते तिलाच. ती शब्द न् शब्द बरोबर वाचते, अर्थही बरोबर सांगते, आणि लिंक दाबते. परीक्षेत तिला या वाचनाचे पूर्ण गुण मिळाले असते. हा मेसेज कुणी पाठवला, त्याला आपल्याकडून काय करून घ्यायचंय, 'टुडे' हा शब्द त्यात कशासाठी आहे, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पैसे गेल्यावर 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करता येते हेही तिला सांगायला हवं, पण तो पुढचा भाग. आपल्या तासाचा विषय 'टुडे' हा शब्द आहे.

मराठीत तेच आलं असतं तर ती थबकली असती. मराठीतली थाप आपल्या मुलांना वासावरून कळते. इंग्रजीत छापलेलं मात्र खरं वाटतं, सरकारी वाटतं, शिकलेल्या माणसाचं वाटतं. इंग्रजीचा हा दरारा आपणच वर्गात तयार करतो. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, उत्तरं उतरवून द्यायची. मजकूर कायम वर आणि मूल कायम खाली.

क्रिटिकल लिटरसीची, म्हणजे मजकुराला प्रश्न विचारत वाचण्याची ही कल्पना कुठून आली तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे ती प्रशिक्षणातली नवी टूम वाटणार नाही. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी 1963 साली आंगिकोस नावाच्या गावात सुमारे 300 मजुरांना 40 तासांच्या शिकवणीत लिहायला-वाचायला शिकवलं. शब्द घेतले ते त्यांच्या रोजच्या जगण्यातले, आणि प्रत्येक शब्दावर आधी चर्चा. त्या काळी तिथे निरक्षराला मतदानाचा हक्क नव्हता, त्यामुळे अक्षरओळख हीच सत्तेला बोचणारी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, फ्रेरींना तुरुंगात टाकलं आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. तुमच्या शंकेचं उत्तर यातच आहे. त्या मजुरांना तर अक्षरही येत नव्हतं. प्रश्न आणि अक्षर ते एकाच वेळी शिकले.

पुढे 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर फ्रीबडी आणि अ‍ॅलन ल्यूक यांनी वाचणाऱ्याची चार कामं मांडली: अक्षरं उलगडणं, अर्थ लावणं, मजकूर कामात वापरणं आणि मजकुराची चिकित्सा करणं. या चार पायऱ्या नाहीत, चारही कामं पहिल्या दिवसापासून बरोबरीनं चालतात, यावर त्यांचा भर होता. आपण पहिल्या दोन कामांत दहावी संपवतो.

आणि लांब कशाला जायचं? जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिलं ते इंग्रजीत. सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांनी इंग्रज सरकारला त्याच्याच भाषेत सुनावलं आणि किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. इंग्रजी कशासाठी शिकायची याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता वर्गाकडे येऊ. आपल्या मुलांकडे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. ती तीन भाषांत जगतात. घरी मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, शाळेत दोन्ही, वर इंग्रजी. एकच बातमी मराठी पेपरात कशी येते आणि कन्नड पेपरात कशी येते, हे त्यांनी चहाच्या टपरीवर ऐकलेलं असतं. सांगणारा बदलला की गोष्ट बदलते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. फक्त इंग्रजीला त्यांनी या हिशेबातून वगळलेलं असतं. मराठी पेपर मराठीच्या बाजूचा, कन्नड पेपर कन्नडच्या बाजूचा आणि इंग्रजी पेपर तटस्थ, अशी समजूत. मुलांचीच कशाला, आपल्या कितीतरी सहकाऱ्यांचीही हीच समजूत असते.

ती मोडायला तुमच्या खानापुरात एक उत्तम विषय आहे: म्हादई. नदी उगम पावते तुमच्याच तालुक्यात, भीमगडच्या रानात, आणि उतरते गोव्यात. कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडे वळवून हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं की नाही, यावर कर्नाटक आणि गोवा कित्येक वर्षं भांडताहेत. लवादानं 14 ऑगस्ट 2018 रोजी निवाडा दिला: कर्नाटकाला 13.42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. हा विषय मी मुद्दाम सुचवतो, कारण इथे भांडण मराठी आणि कन्नड असं नाही. दोन्ही बाजूंची बातमी इंग्रजीत मिळते, आणि 'इंग्रजी म्हणजे तटस्थ' ही समजूत एका तासात गळून पडते.

करायचं असं. पणजीहून निघणाऱ्या एखाद्या इंग्रजी दैनिकातल्या बातमीची चार वाक्यं घ्या आणि बेंगळुरूहून निघणाऱ्या दैनिकातल्या त्याच घडामोडीच्या बातमीची चार वाक्यं. चारच. अवघड शब्द असतील तर खाली मराठीत अर्थ द्या. फळ्याच्या दोन बाजूंना दोन्ही उतारे लिहा. पेपरची नावं सांगू नका. मुलांनी आधी नदीचं नाव शोधायचं. एकीकडे म्हादई, दुसरीकडे महादायी. मग पाण्याचं काय होतंय असं म्हटलंय ते सांगणारे शब्द शोधायचे. एकीकडे बहुधा 'डायव्हर्ट' मिळेल, दुसरीकडे 'ड्रिंकिंग वॉटर' आणि 'शेअर'. मग विचारा, पहिला उतारा कुठल्या गावात बसून लिहिलाय? वाचताना अडखळणारी पोरंही बोट वर करतात, कारण उत्तरासाठी त्यांना सगळं वाक्य यायची गरज नसते, दोन शब्द पुरतात. त्या दोन शब्दांसाठी ती तोच उतारा चार-पाच वेळा वाचतात. एरवी आपण 'रीड अगेन' म्हणून ओरडलो तरी जे होत नाही ते इथे आपोआप होतं. आकड्यांचंही बघा. मथळ्यात कुणी 13.42 घेतलं आणि कुणी 24 घेतलं, तर दोन्ही खरेच. खोटं एकही वाक्य न लिहिता बाजू घेता येते, हे नववीच्या मुलाला एवढ्या छोट्या गोष्टीतून कळतं.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. या दोन्ही उताऱ्यांत कणकुंबीचं कोण बोललंय? मंत्री असतील, वकील असतील, अभियंते असतील. कणकुंबीचं माणूस बहुतेक वेळा नसतं. माझ्या वर्गात जांबोटीकडची एक मुलगी होती, ती म्हणाली, "सर, काम चाललेलं आम्ही बघितलंय, खरं आम्हाला कुणी विचारलं नाही." तिला मी म्हटलं, हेच इंग्रजीत लिही. तिनं लिहिलं: 'वी सॉ द वर्क. नोबडी आस्क्ड अस.' सात शब्द. साधा भूतकाळ, दोन वाक्यं, एकही चूक नाही. वर्षभर 'सिंपल पास्ट'चे तक्ते पाठ करून जे बसलं नव्हतं ते तिथे बसलं, कारण त्या वेळी तिला खरंच काहीतरी सांगायचं होतं.

निपाणीकडचा अनुभव वेगळा आहे, तोही सांगतो. तिथे वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. मुलांना विडीच्या बंडलाचं रिकामं वेष्टन आणायला सांगायचो. रिकामंच, आणि तेही मुख्याध्यापकांना आधी सांगून. तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्यानं व्यापलेला असावा असा नियम 2016 पासून आहे. डिसेंबर 2022 पासून त्यावर आलेलं वाक्य होतं: 'टोबॅको कॉजेस पेनफुल डेथ.' पुढच्या वर्षी ते बदलून 'टोबॅको यूजर्स डाय यंगर' झालं. चार-चार शब्दांची वाक्यं, सगळ्यात कच्च्या मुलालाही वाचता येणारी.

आता प्रश्न. हे कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? मुलं म्हणायची, सरकार सांगतंय, ओढणाऱ्याला. पहिल्या वाक्याचा कर्ता कोण? टोबॅको. म्हणजे मरण आणतो तो तंबाखू. तो पिकवायला लावणारा, विकणारा, त्यावर कर घेणारा, यांपैकी कुणीच वाक्यात नाही. मग एक मुलगा सरळ म्हणाला, "हा इशारा माझ्या आईला नाहीच की. ती ओढत नाही, वळते." वर्गात त्यावर पुष्कळ बोलणं झालं. हजार विड्यांवर मजुरी कशी मिळते, खराब म्हणून किती बाजूला काढतात, तंबाखूची भुकटी नाकात कशी जाते, पाठ कशी धरते. सगळं मराठीत. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक गटानं त्या वेष्टनासाठी नवं इंग्रजी वाक्य लिहायचं होतं. एका गटाचं होतं: 'रोलिंग बिडीज हर्ट्स माय मदर्स बॅक.' या वाक्यात 'रोलिंग' हा कर्ता आहे, व्याकरणात त्याला 'जेरंड' म्हणतात, आणि तो दहावीलाही भल्याभल्यांना जमत नाही.

एक काळजी मात्र घ्या. अशा तासाला कुणाच्या आईचं काम लाजेचं ठरता कामा नये. विडी वाईट, म्हणून वळणारी वाईट, अशी चर्चा घसरायला एक वाक्य पुरतं. ती घसरायला लागली तर ताबडतोब मजकुराकडे परत या. आपण वेष्टन तपासतोय, घर नाही.

चर्चा मराठीत चालेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. चालेल. चाललीच पाहिजे. विचार मुलाच्या भाषेत होऊ द्या आणि शेवटी इंग्रजीत थोडंच पण स्वतःचं लिहून घ्या. त्यासाठी भिंतीवर दोन-तीन वाक्यांचे सांगाडे कायमचे लावून ठेवा: 'द रायटर वाँट्स अस टू थिंक दॅट...', 'द टेक्स्ट डज नॉट टेल अस...', 'आय अ‍ॅग्री, बट...'. मुलं पुढचा भाग भरतात. शेजारी प्रश्न तिन्ही भाषांत लिहा. कोण सांगतंय? हू इज स्पीकिंग? यारु हेळुत्तिद्दारे? तुमच्या शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांना त्यांच्या तासालाही हाच प्रश्न वापरायला सांगा. मराठी, कन्नड आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच आठवड्यात एकच प्रश्न विचारताहेत, असं होऊ शकलं तर इतर प्रशिक्षणाची फारशी गरज उरणार नाही. दक्षिण आफ्रिकेत हिलरी जँक्स यांनी 1993 च्या सुमारास, वर्णभेद संपत असताना, शाळकरी मुलांसाठी भाषा आणि सत्ता या विषयावर पुस्तिका तयार केल्या. तिथेही मुलं अनेक भाषांची, आणि इंग्रजीचा दरारा असाच. आपली परिस्थिती जगावेगळी नाही.

परीक्षेचं. इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचं. हे 20 गुण तुमच्या हातात आहेत. वेष्टन, जाहिरात, दोन बातम्या असे उपक्रम तिथे बसतात, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लेखीतही पत्र असतं, चित्र पाहून वर्णन असतं, न शिकवलेला उतारा असतो. पॅसिव्ह व्हॉइस तर असतोच. तो शिकवताना 'रामा किल्ड रावणा' उलटं-सुलटं करत बसू नका. 'इट हॅज बीन डिसायडेड टू क्लोज द स्कूल' हे वाक्य लिहा आणि विचारा, कुणी ठरवलं? वाक्यात त्याचं नाव का नाही? मग 'बाय' लावून प्रत्येकानं वाक्य पूर्ण करायचं. कर्ता लपवायचा असतो तेव्हा हा प्रयोग कामाला येतो, हे एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. आपल्या भागात मराठी शाळांची पटसंख्या कशी घसरतेय ते मुलं बघताहेत. हे वाक्य त्यांना परकं वाटणार नाही.

पत्राचंही तसंच. सहल-वाढदिवसाची पत्रं पुरे झाली. तुमच्याकडे रानातल्या वाड्यांवरून येणाऱ्या मुलींची बस उशिरा येते, पहिला तास बुडतो. डेपो मॅनेजरला पत्र लिहायला लावा, साचा परीक्षेतलाच. आधी प्रत्येकानं लिहायचं, मग वर्गानं तपासायचं: वाचणाऱ्यानं काय करावं असं आपल्याला वाटतं, ते पत्रात स्पष्ट आलंय का? किती मुली, कुठली फेरी, कुठला तास, हे आकडे आहेत का? इथे मुलं स्वतःच्या मजकुरालाही तेच प्रश्न विचारतात. पत्र टपालात टाका. नुसतं वहीत ठेवून त्याची धार जाते.

आता तुमची तिसरी शंका, भलत्या प्रश्नांची. मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या आठवड्यात सीमाप्रश्नाची बातमी आपणहून वर्गात नेऊ नका. पाट्यांवर 60 टक्के कन्नड असावं हा नियम, त्यावरून झालेले वाद, हेही पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. हे विषय महत्त्वाचे नाहीत असं नाही. त्यांची धग मुलांच्या घरात आहे, आणि वर्गाला प्रश्न विचारायची सवय लागण्याआधी ते आणले तर वर्ग प्रश्न विचारत नाही, घोषणा देतो. मुलांनी स्वतः विषय काढला तर दाबूही नका. काळा दिन आणि राज्योत्सव ही एकाच तारखेची दोन नावं आहेत. कोण कुठलं वापरतं आणि इंग्रजी पेपर काय करतो, एवढंच त्यांना शोधू द्या. निकाल देऊ नका. तुमचं मत ठाम असेल, माझंही आहे, पण ते मुलांच्या तोंडून वदवून घेतलं तर आपण आधीच्याच पद्धतीवर येतो: मजकूर जाऊन तिथे बाई बसल्या, मूल होतं तिथेच राहिलं. शक्य असेल तर अशा तासाला कन्नडचे शिक्षक वर्गात असू द्या. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत पालकांना सांगून ठेवा की मुलांना जाहिराती, मेसेज, बातम्या तपासायला शिकवणार आहोत. मेसेजमधल्या फसवणुकीचं उदाहरण दिलंत की एकही पालक नाही म्हणत नाही.

सुरुवात कशानं करावी? तुम्हाला माझा सल्ला आहे की पहिला महिना पाठ्यपुस्तकाबाहेरचं दहा-बारा शब्दांचंच काहीतरी आठवड्यातून एकदा न्या. मेसेज, बिस्किटाचं वेष्टन, जूनमध्ये रस्त्याकडेला लागणारी इंग्रजी माध्यमाच्या शाळांची होर्डिंग्ज. होर्डिंगवर टाय घातलेलं मूल असतं, ते आपल्या मुलांसारखं दिसतं का, एवढंच विचारून बघा आणि मग गप्प बसा. मुलं बोलतील. उसाच्या हंगामात दराची बातमी आणि घरी आलेली उसाची पावती शेजारी ठेवा. 2024-25 चा केंद्राचा दर क्विंटलला 340 रुपये होता, पण तो 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर. मथळ्यात 340 असतं, उतारा बातमीच्या पोटात कुठेतरी असतो, आणि पावतीवर तोडणी-वाहतूक वजा झालेली असते. गणिताच्या सरांना बोलवा, हा तास दोघांनी मिळून घ्या.

हे सगळं एका खोक्यात जमा करत चला, मुलांनीच आणून टाकायचं. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, खताच्या पोत्यावरचा छापील मजकूर, रेशनचा मेसेज वहीत उतरवून. कीटकनाशकाच्या बाटलीवर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेजारी बारीक इंग्रजीत सूचना असतात आणि फवारणाऱ्याला बहुधा त्यातली एकही वाचता येत नाही. हा मजकूर वर्गात जरूर आणा, मुलांकडून त्याचं मोठ्या अक्षरातलं मराठी-कन्नड पत्रक करून घ्या आणि ते घरी पाठवा. बाटली मात्र आणू देऊ नका, मोबाईलवर काढलेला फोटो पुरतो.